डोक्यावरचं नाव

गिब्सन कंपनीच्या लेस पॉल स्टँडर्ड गिटारला सगळे मूळ आणि साधं मॉडेल समजतात. प्रत्यक्षात ती सिग्नेचर गिटार, म्हणजे एका वादकाच्या नावानं काढलेली गिटार आहे, आणि १९५२ पासून आहे.

पुण्यात माझं गिटार-दुरुस्तीचं दुकान आहे. एकाच बाजूला खाच असलेली, म्हणजे सिंगल-कट गिटार घ्यायला निघालेली मुलं खरेदीच्या आधी माझ्याकडे डोकावतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, ‘काका, स्टँडर्ड घेऊ की स्लॅशची सिग्नेचर?’ मोबाइलवर दोन्हींचे तक्ते उघडलेले असतात. लाकूड तेच, तारेची लांबी तीच. पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारे चुंबकी भाग) वेगळे, नेकची गोलाई किंचित वेगळी, रंग वेगळा, हेडस्टॉकच्या मागे एक चित्र आणि किंमत चढी. तक्ता पाहून पोरांचा गोंधळ वाढतो, कारण हे फरक कुठून आले ते तक्त्यात लिहिलेलं नसतं. ती हकिकत मला फार प्रिय आहे.

वादकाचं नाव वाद्याला देण्याची रीत गिब्सनमध्ये जुनी होती. १९२० च्या दशकाच्या अखेरीस निक लुकस या लोकप्रिय गायक-वादकाच्या नावानं त्यांनी अकूस्टिक गिटार काढली होती. लेस पॉल हा मात्र नुसता वादक नव्हता. विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा गावात १९१५ साली जन्मलेला हा माणूस लहानपणापासून रेडिओ, टेलिफोन, मिळेल ते उघडून पाहणारा. पोकळ गिटारला पिकअप लावून ॲम्पचा आवाज वाढवला की तिची पेटीच थरथरायला लागते आणि घोंगावते. हा त्रास घालवायला त्यानं १९४१ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या कारखान्यात, रविवारच्या सुट्टीत, पाइन लाकडाच्या चार इंच जाडीच्या चौकोनी ओंडक्यावर तारा चढवल्या. लोकांना ते गिटारसारखं दिसेना, म्हणून एका एपिफोन गिटारची पेटी मधोमध कापून दोन्ही बाजूंना पंखांसारखी जोडली. याला तो ‘लॉग’ म्हणायचा. लॉग घेऊन तो गिब्सनकडे गेला, तेव्हा त्यांनी त्याला वाटेला लावलं.

चित्र पालटलं ते १९५० मध्ये. कॅलिफोर्नियात लिओ फेंडरनं घन लाकडाची, स्क्रूंनी नेक जोडलेली सिंगल-कट गिटार बाजारात आणली. तिचं नाव ब्रॉडकास्टर होतं. ग्रेच कंपनीनं आपल्या ड्रमच्या नावावरून हरकत घेतल्यावर ती १९५१ मध्ये टेलिकास्टर झाली. मिशिगनमधल्या कॅलमझू इथे गिब्सनचा कारभार तेव्हा टेड मॅकार्टी पाहत होते. ते इंजिनिअर होते, गिटार वाजवत नव्हते. फेंडरकडे नसलेली गोष्ट आपल्याकडे आहे हे त्यांना कळलं होतं. व्हायोलिनसारखा फुगीर माथा कोरायची यंत्रं आणि ती वापरणारे कसलेले हात गिब्सनकडे होते. मग महोगनीच्या बॉडीवर मेपलचा कोरीव माथा आणि सरसानं पक्का बसवलेला नेक असा घाट ठरला.

वाद्य तयार होतं, आता ते खपवणारं नाव हवं होतं. १९५१ मध्ये लेस पॉल आणि त्याची पत्नी मेरी फोर्ड यांचं ‘हाउ हाय द मून’ अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. एकाच माणसानं एकावर एक ध्वनिमुद्रित केलेल्या गिटारी त्यात होत्या. मॅकार्टींनी नंतर सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे, पेनसिल्व्हेनियातल्या डेलावेअर वॉटर गॅपजवळच्या एका शिकारघरात ते या जोडप्याला गिटार दाखवायला घेऊन गेले आणि तिथेच करार ठरला. प्रत्येक गिटारमागे मानधन, आणि लेसनं लोकांसमोर दुसरी कुठलीही गिटार वाजवायची नाही. लेस मात्र आयुष्यभर सांगत राहिला की गिटारचा बराचसा आराखडा आपलाच आहे.

दोघंही आज हयात नाहीत आणि हा वाद अजून रंगतो. माझं मत मी १९५२ च्या पहिल्या सोनेरी गिटारच्या ब्रिजवरून बनवलं आहे. त्यावरचा ट्रॅपीझ पद्धतीचा ब्रिज ही लेसची स्वतःची कल्पना होती. मागच्या कडेपासून दोन लांब सळया येतात आणि त्यांच्या टोकाला आडवी दांडी असते. तारा या दांडीवरून जायला हव्यात, म्हणजे उजव्या हाताचा तळवा त्यांवर टेकवून आवाज दाबता येतो. लेसच्या वाजवण्याचा तर तो प्राणच होता. पण कारखान्यानं नेक इतका सपाट कोनात बसवला होता की तारा दांडीवरून नेल्या तर त्या फिंगरबोर्डपासून फार उंच राहायच्या. म्हणून त्या दांडीखालून नेल्या. तळवा टेकायला जागाच उरली नाही. ज्याच्या नावाची गिटार, त्यालाच तिच्यावर त्याच्या पद्धतीनं वाजवता येईना. आराखडा खरोखर त्याच्या हातून उतरला असता तर ही गोष्ट पहिल्या दिवशीच त्याच्या लक्षात आली असती. म्हणून मला मॅकार्टींचं म्हणणं जास्त पटतं. पुढच्या वर्षभरातच नेकचा कोन वाढवला गेला आणि ट्रॅपीझ जाऊन बॉडीत रोवलेल्या दोन खुंट्यांवरची आखूड दांडी आली.

याच सुमारास ग्रेच कंपनीनं गिटारवादक चेट ॲटकिन्सच्या नावानं ६१२० ही पोकळ सिंगल-कट गिटार काढली. तिच्यावर निवडुंग, गुरांची डोकी आणि डाग दिल्यासारखं ठळक ‘जी’ अक्षर होतं. चेटला ही सजावट मुळीच आवडली नव्हती. ती काढून टाका म्हणून तो मागे लागला आणि काही वर्षांत ती हळूहळू गेलीही. आवाजाच्या बाबतीत तर तो हटूनच बसला. रे बट्स या माणसानं त्याच्यासाठी घडवलेले फिल्टरट्रॉन पिकअप १९५७ पासून ग्रेचच्या गिटारींवर आले आणि आजही ग्रेचची ओळख तेच आहेत. नाव देणाऱ्या वादकानं वाद्य सुधारून घेतल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

गिब्सनमध्ये सुधारणा कारखान्यातूनच आल्या. १९५४ मध्ये वरच्या श्रेणीची काळी कस्टम आली आणि विद्यार्थ्यांसाठी सपाट माथ्याची, एका पिकअपची ज्युनिअर आली. दोन्हींवर नाव लेस पॉलचंच. १९५७ मध्ये सेथ लव्हर या अभियंत्याचा हम्बकर पिकअप बसू लागला. दोन गुंडाळ्या एकमेकींविरुद्ध जोडून विजेची गुणगुण मारायची, ही त्यामागची युक्ती. पेटंटचा अर्ज १९५५ मध्येच गेला होता आणि मंजुरी १९५९ मध्ये आली. त्या काळच्या पिकअपखाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ असा छोटा कागद चिकटवलेला असायचा. आज जुन्या पिकअपची किंमत ठरते ती त्या कागदावरून. १९५८ मध्ये सोनेरी रंग जाऊन लाल-पिवळा सनबर्स्ट आला. त्यातला लाल रंग उजेडात उडायचा. खिडकीजवळ टांगलेली गिटार लिंबासारखी पिवळी व्हायची आणि पेटीत राहिलेली लालच राहायची. १९५८ ते ६० या तीन वर्षांत अशा दोन हजारांहून कमी गिटारी निघाल्या. हेडस्टॉकवर ‘लेस पॉल मॉडेल’ एवढंच छापलेलं असे. ‘स्टँडर्ड’ हे नाव त्यांना चिकटलं ते या काळाच्या शेवटी. तेव्हा मात्र त्या खपत नव्हत्या.

१९६१ मध्ये गिब्सननं तो आकारच सोडला. नवी गिटार पातळ, हलकी, दोन टोकदार शिंगांची होती. काही काळ तिच्यावरही लेस पॉलचं नाव राहिलं. लेसला ती आवडली नाही, त्याच सुमारास मेरीशी त्याचा घटस्फोट होत होता आणि करारही संपत आला होता. १९६३ मध्ये नाव उतरलं. त्या गिटारला आज आपण एसजी म्हणतो.

म्हणजे लेस पॉल स्टँडर्ड ही तेव्हा बंद पडलेली सिग्नेचर गिटार होती. तिला परत आणलं ते इंग्लंडातल्या पोरांनी. एरिक क्लॅप्टननं फ्रेडी किंगच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर सोनेरी लेस पॉल पाहिली आणि तशीच दिसणारी सनबर्स्ट मिळवली. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबरच्या ध्वनिमुद्रणात त्यानं ती मार्शलच्या ॲम्पमध्ये जोडून आवाज पूर्ण वर नेला. हम्बकरचा जोरकस आवाज ॲम्पला इतका रेटत होता की स्वर फाटून लांबच लांब टिकू लागला. लव्हरनं गुणगुण घालवायला केलेली गोष्ट या कामाला येईल असं कॅलमझूत कुणाच्या मनातही आलं नव्हतं. ती गिटार थोड्याच दिवसांत चोरीला गेली. रेकॉर्ड मात्र घरोघरी पोचली आणि जुन्या सनबर्स्ट शोधायची झुंबड उडाली.

१९६८ मध्ये गिब्सननं लेस पॉलशी पुन्हा करार केला. पण बाजारात आणली ती जुन्या, एकाच गुंडाळीच्या पी-९० पिकअपची सोनेरी गिटार आणि काळी कस्टम. लोक जी मागत होते ती हम्बकरवाली सनबर्स्ट नव्हतीच. ती सूचीपत्रात परतायला १९७० च्या दशकाचा मध्य उजाडला.

या पुनरागमनातला मला सगळ्यात चटका लावणारा भाग वेगळाच आहे. १९६९ मध्ये गिब्सननं लेस पॉलला हवी तशी गिटार त्याला करू दिली. पर्सनल आणि प्रोफेशनल या दोन गिटारी आल्या आणि १९७१ मध्ये रेकॉर्डिंग आली. त्यांचे पिकअप लो-इंपीडन्सचे होते. स्टुडिओच्या यंत्रात थेट जोडता येतील, लांब केबलमध्ये आवाज मरणार नाही, असे. पर्सनलवर तर बॉडीच्या कडेला माइक लावायची सोयसुद्धा होती. खरीखुरी सिग्नेचर हीच. हिच्यातली प्रत्येक गोष्ट त्या माणसाच्या कानातून आणि डोक्यातून आली होती. पहिल्या दोन नेहमीच्या ॲम्पवर वाजवायला मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेली खास केबल लागायची. त्या फारशा खपल्या नाहीत. लेस मात्र त्याच जातीच्या, स्वतः फेरफार केलेल्या गिटारीवर वाजवत राहिला. न्यूयॉर्कच्या क्लबमध्ये दर सोमवारी, नव्वदी ओलांडल्यावरही, २००९ मध्ये जाईपर्यंत. जगभर त्याचं नाव ज्या गिटारमुळे माहीत झालं, ती त्याची आवडती नव्हती.

नंतर जी सिग्नेचर मॉडेलं निघाली त्यांचा जन्म उलट्या दिशेनं झाला. वादकाच्या मनात आधी काही नव्हतं. एखाद्या जुन्या स्टँडर्डला काहीतरी झालं, ते हातात बसलं आणि कंपनीनं काही दशकांनी त्याचं माप घेतलं. जिमी पेजनं १९६९ मध्ये जो वॉल्शकडून घेतलेल्या गिटारचा नेक तासून पातळ केलेला होता. १९९५ च्या पेज सिग्नेचरचा नेक म्हणूनच पातळ.

याचं सर्वात सुंदर उदाहरण म्हणजे पीटर ग्रीनची १९५९ ची गिटार. फ्लीटवुड मॅक हा बँड उभा करणाऱ्या या माणसाच्या गिटारीतला नेककडचा पिकअप उलटा बसलेला होता आणि त्याच्या आतलं चुंबकही उलट दिशेला होतं. ते नेमकं कसं झालं याच्या अनेक कहाण्या आहेत. परिणाम स्पष्ट आहे. एकेक पिकअप वेगळा वाजवला तर काहीच कळत नाही. स्विच मध्ये ठेवून दोन्ही चालू केले की एकाची लाट वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली येते. खर्ज एकमेकांत विरून जातो आणि मागे राहतो तो पोकळ, नाकातून आल्यासारखा, आर्त आवाज. ग्रीननं पुढे ती तरुण गॅरी मूरला विकली. मूरनं ती तीसेक वर्षं वाजवली, १९९५ मध्ये ग्रीनच्या रचनांचा आख्खा अल्बम तिच्यावर केला आणि २००६ मध्ये विकली. २०१४ मध्ये ती मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आली. गिब्सननं २००० च्या सुमारास मूरच्या नावाची लेस पॉल काढली तेव्हा तिचा नेककडचा पिकअप उलटाच बसवला, आणि २०२३ मध्ये हॅमेटच्या नावानं ‘ग्रीनी’ काढली. एका पिकअपमधल्या चुकीला दोन सिग्नेचर मॉडेलं मिळाली.

हा फेरफार मी स्टँडर्डवर करून देतो. पिकअपचं धातूचं झाकण असेल तर त्याचं सोल्डर सोडवायचं, तळाचे चार स्क्रू सैल करायचे, दोन गुंडाळ्यांखालची चुंबकपट्टी अलगद बाहेर सरकवायची, उलटी करायची आणि परत घालायची. नवा भाग लागत नाही. मधल्या स्विचवर तो आवाज पहिल्यांदा निघतो तेव्हा गिऱ्हाइकाचा चेहरा पाहण्यासारखा असतो, आणि मलाही दरवेळी तितकाच आनंद होतो.

रॉक गिटारवादक स्लॅशची गोष्ट तर आणखी पुढची. १९८७ च्या ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ अल्बमवर जी गिटार मुख्यत्वे ऐकू येते ती गिब्सनची नव्हतीच. कॅलिफोर्नियातल्या क्रिस डेरिग या कारागिरानं १९५९ च्या सनबर्स्टची हुबेहूब प्रत बनवली होती आणि तिच्यात सेमोर डंकनचे पिकअप होते. त्याच वर्षी डेरिग वारला. गिब्सनशी स्लॅशचं नातं त्यानंतर जुळलं. २०१० मध्ये कंपनीनं त्या अल्बमच्या नावाची सिग्नेचर काढली, आणि २०२० पासून स्लॅशच्या नावाच्या स्टँडर्ड नेहमीच्या उत्पादनात आहेत. प्रश्न विचारणाऱ्या मुलांना मी डेरिगचं नाव आवर्जून सांगतो. त्या आवाजातला त्याचा वाटा फार थोड्यांना माहीत आहे.

सिग्नेचर एकदा ठरली की फारशी हलत नाही, कारण ती एका ठरावीक गिटारीशी बांधलेली असते. स्टँडर्ड मात्र सतत बदलत आली. वजन कमी करायला १९८० च्या दशकात बॉडीला आतून भोकं पाडली, २००८ मध्ये आत पोकळ कप्पे केले. लेस पॉलच्या जन्मशताब्दीच्या, २०१५ च्या गिटारींना रुंद नेक, पितळी नट आणि आपोआप सूर लावणाऱ्या खुंट्या आल्या. वादक इतके नाराज झाले की पुढच्याच वर्षी बरंचसं मागे घेतलं.

एक बदल आपल्या मातीतूनही आला. फिंगरबोर्डसाठी १९५० च्या दशकात ब्राझीलचं रोझवूड वापरत, साठच्या दशकापासून त्याची जागा भारतीय रोझवूड घेऊ लागलं. भारतीय रोझवूड म्हणजे आपलं शिसव, सह्याद्रीत वाढणारं, जुन्या वाड्यांतल्या पलंगांचं आणि कपाटांचं लाकूड. फ्रेट काढून फिंगरबोर्ड घासायला घेतला की दुकानात शिसवाचा गोडसर वास पसरतो. २०११ मध्ये अमेरिकी सरकारनं गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घातले ते भारतातून आलेल्या शिसवाच्या आणि एबनीच्या पट्ट्यांवरून. कच्चं लाकूड निर्यात करायला भारतात बंदी आहे आणि या पट्ट्या कच्च्या धरायच्या की तयार, हा मुद्दा होता. २०१२ मध्ये तडजोड झाली आणि भारतीय लाकूड कंपनीला परत मिळालं. मधल्या काळातल्या काही लेस पॉलवर भाजून काळपट केलेलं मेपल दिसतं. शिसवाइतकं उबदार ते हाताला लागत नाही.

म्हणून मुलांना मी सांगतो की स्टँडर्ड घेणार असाल तर कुठल्या वर्षाची, ते विचारा. सिग्नेचर घेणार असाल तर ती कुठल्या जुन्या गिटारवरून घेतली आणि त्या गिटारीला काय झालं होतं, ते शोधा. पातळ नेक पेजच्या हाताला बसला, तुमच्या अंगठ्याला तो दुखवू शकतो.

या आकाराचा मालक कोण, हा प्रश्न शेवटी कोर्टात गेला. मेरीलँडचे पॉल रीड स्मिथ तरुणपणी जुन्या गिब्सन अभ्यासत असताना टेड मॅकार्टींपर्यंत पोचले. त्यांना गुरू मानलं, सल्लागार म्हणून घेतलं, आणि १९९४ मध्ये त्यांच्या नावाची गिटार काढली. ती दोन खाचांची होती. २००० मध्ये स्मिथ यांच्या पीआरएस कंपनीनं सिंगलकट काढली आणि पाठोपाठ मार्क ट्रेमाँटीच्या नावाची सिंगल-कट सिग्नेचर आली. गिब्सननं दावा लावला. २००४ मध्ये नॅशव्हिलच्या न्यायालयानं मनाई हुकूम दिला आणि पीआरएसला सिंगलकट बनवणं थांबवावं लागलं. अपील झालं. दुकानात हातात घेऊन पाहणारा गिऱ्हाईक फसत नाही हे गिब्सनलाही मान्य होतं. त्यांचं म्हणणं असं की धुरानं भरलेल्या बारमध्ये लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतील. अपील न्यायालयानं सप्टेंबर २००५ मध्ये ते फेटाळलं आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला.

मॅकार्टी तोवर राहिले नव्हते. २००१ च्या एप्रिलमध्ये ते वारले होते. २०१७ मध्ये पीआरएसनं मॅकार्टी सिंगलकट ५९४ काढली. पन्नासच्या दशकातल्या लेस पॉल मोजून तिची तारेची लांबी २४.५९४ इंच ठेवली आहे. ज्यांच्या देखरेखीखाली कॅलमझूत लेस पॉल घडली, त्या गिटार न वाजवणाऱ्या इंजिनिअरचं नाव पासष्ट वर्षांनी त्या आकाराच्या गिटारला लागलं.